छातीला काय बांधावं

तात्यारावांनी संघटनेचा चेस्ट प्रोटेक्टर माझ्या गळ्यात अडकवला, आणि मी खाली पाहिलं तर माझे गुडघेसुद्धा सुरक्षित होते.

तात्याराव म्हणजे आमच्या जिल्हा बेसबॉल संघटनेचे सचिव. दारात उभे राहिले की आतल्यांना दिवा लावावा लागतो, असा देह. संघटनेकडं प्लेट अंपायरसाठी एकच प्रोटेक्टर आहे आणि तो त्यांच्याच मापाचा आहे. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्या पूर्ण्यात जवळपास सगळ्यांसाठी, सांगून टाकते. एक मुलगी चेंडू फेकते, दुसरी प्लेट नावाच्या पांढऱ्या पाटीपाशी बॅट घेऊन उभी असते, तिच्यामागं तिसरी झेलायला उकिडवी बसते, आणि त्या तिसरीच्या पाठीशी जो वाकून उभा असतो तो प्लेट अंपायर. चेंडू पाटीवरून नीट आला तर 'स्ट्राइक', वाकडा आला तर 'बॉल', हे त्यानं दर वेळी ओरडून सांगायचं, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटवाली बाद. चेंडूला बॅटची नुसती कड लागली की तो झेलणारीला चुकवून थेट पंचाला भेटायला येतो. तोंडाला जाळीचा मास्क असतो, छातीला प्रोटेक्टर असतो, बाकीचं शरीर आपापलं बघून घेतं.

"बाई, रविवारी प्लेट तुमची," तात्याराव म्हणाले. "पण असला झगा घालून मी तुमाला मैदानात सोडणार नाही. तुमच्या मापाचा तुमी आणा. सकाळी अंगावर दिसला तर तुमी प्लेटमागं. नाही तर मी हायेच. तुमी आपल्या बेसवर."

'तुमी आपल्या बेसवर' हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मला ते घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

रविवारी जिल्ह्याचा मुलींचा अंतिम सामना होता, रेल्वेच्या मैदानावर. पूर्णा विरुद्ध बोरी. पूर्णा माझं सासर आणि बोरी माझं माहेर. यावर कुणीतरी हरकत घेईल असं मला वाटलं होतं, पण तात्यारावांचं म्हणणं पडलं की कोणीही हरलं तरी ऐकून घ्यावं लागणार ते मलाच, म्हणून माझ्याइतकं निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात दुसरं नाही.

मी पंच कशी झाले हे विचारू नका. लेक बेसबॉल खेळायची, मी तिचा डबा घेऊन मैदानाच्या कडेला बसायची. लेक पुण्याला गेली, कॉम्प्युटरपुढं बसली, खेळ सुटला. डबा आणणारी बाई तेवढी मैदानावर राहून गेली. नियमांचं पुस्तक मी भाकरी थापता थापता वाचलेलं आहे. त्याच्या काही पानांवर अजून पीठ आहे. परीक्षा पास झाले, आणि तेव्हापासून बेसवर, म्हणजे धावणारीनं गाठायच्या कोपऱ्यावर, उभी आहे. बेसवरचा पंच अर्धा डाव उन्हात तापतो आणि धावणारी वेळेत पोचली की एकदा 'सेफ' म्हणतो. प्लेटमागचा पंच प्रत्येक चेंडूला बोलतो, आणि तो बोलला की विषय संपतो.

आमच्या घरात विषय संपत नाहीत. फ्रिज कोणत्या रंगाचा घ्यायचा यावर मी मत दिलं, माझ्या नवऱ्यानं, सुगतरावांनी दिलं, सासूबाईंनी दिलं, आणि घरी मरून रंगाचा फ्रिज आला. मरून आमच्यापैकी कोणीच म्हटलं नव्हतं. ते दुकानदार म्हणाला होता. तेव्हा एक सकाळ, एक सामना, आपण म्हटलेलं तेच खरं, एवढीच माझी भूक होती. आणि त्या भुकेच्या आड एक छातीचं कवच आलं होतं.

परभणीला गेले. तिथल्या खेळाच्या दुकानात करंडक पुष्कळ होते, खेळाचं सामान थोडं होतं. बेसबॉल म्हटल्याबरोबर मालकाचा चेहरा उजळला.

"बॅट हाय की मॅडम. लय जाते."

"आणि बॉल?"

"बॉल आजवर कोणी मागितला नाही."

लोक नुसत्या बॅटीचं काय करतात हे मी विचारलं नाही; रस्त्यावर उभ्या जीपगाड्यांच्या सीटांखाली डोकावलं की कळतं. प्रोटेक्टर म्हटल्यावर त्यानं क्रिकेटचा चेस्ट गार्ड काढला. तो एकाच बाजूचा होता. फलंदाज आडवा उभा राहतो म्हणून दुसऱ्या बाजूला बॉल लागत नाही, असं त्यानं समजावलं. मी समोर तोंड करून उभी असते, असं मी समजावलं. मग मापाची वेळ आली आणि त्याच्या ध्यानात आलं की समोर बाई आहे. त्यानं टेप माझ्या हातात दिला, स्वतः पंख्याकडं पाहत राहिला आणि विचारलं, "तुमच्या त्या वरच्या भागाचं किती होतं?" मी आकडा सांगितला. तो त्यानं पंख्याकडं बघतच कागदावर लिहिला आणि म्हणाला, या मापात फक्त हनुवटीपासून घोट्यापर्यंतचा ट्रॅकसूट मिळेल.

मोबाइलवर मागवावा, तर चित्रात पाहिजे तसा होता. वरून कडक, आतून मऊ, गळ्याचं हाड झाकणारा, आणि मुख्य म्हणजे वाकल्यावर वर सरकून गळा न दाबणारा. अंपायरचा प्रोटेक्टर शर्टाच्या आत घालतात, म्हणून तो अंगालगत बसावा लागतो आणि त्यातून हवाही खेळावी लागते. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात ही दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी. सगळं जमत होतं, फक्त माल पूर्ण्याला पोचणार होता सामना झाल्यानंतरच्या आठवड्यात.

मग सल्ले सुरू झाले. सुगतराव रेल्वेत सिग्नल खात्यात आहेत. त्यांनी पत्रा सुचवला. सासूबाई म्हणाल्या, वाकळ दुमडून बांध. गल्लीच्या तोंडाशी एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर मुंजाजीमामा राहतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बॉल लागतो तर तिथं उभंच कशाला राहायचं, मागं सरकून राहावं. किती मागं, म्हटलं. ते विचार करून म्हणाले, "बाउंड्रीवर."

माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दूध उतू जायचं आणि मी चुलीपुढं वाकून उभी राहण्याचा सराव करत असायची. शेवटी पुन्हा परभणी गाठली आणि दवाखान्यासमोरच्या सर्जिकल दुकानात शिरले, कारण त्यांच्या काचेत एक बिनडोक्याचा पुतळा होता आणि त्याच्या छातीला रुंद पट्टा होता.

"कोणत्या बरगडीला पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"सगळ्याच."

"एक्सरे आणलाय?"

"अजून लागलेलं नाही. रविवारी लागेल."

त्यानं चष्मा काढून पुसला. मी पट्टा साडीवरून आवळून पाहिला, छातीवर हात ठेवून जरा वाकले, श्वास सोडला, पुन्हा घेतला. मऊ होता, पण चेंडूला काही तो अडवणार नव्हता. तरी घेतला, आतून अस्तर होईल म्हणून. आणि वळले तर शेजारच्या काउंटरवर आमच्या समोरच्या घरातल्या कडूबाई गुडघ्याचा पट्टा घेत उभ्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पट्ट्याकडं पाहिलं, माझ्या छातीवरच्या हाताकडं पाहिलं, आणि काहीसुद्धा बोलल्या नाहीत. ज्या कडूबाई आमच्या घरी किती शिट्ट्या झाल्या यावरून भाजी ओळखतात आणि ओरडून सांगतात, त्या बोलल्या नाहीत. मी खुशीत होते म्हणून मला तेव्हा याचं भय वाटलं नाही.

स्टेशनरोडला गाड्यांच्या सीटा शिवणारे रज्जाकभाई आहेत. कडक फोम आणि रेक्झिन त्यांच्याशिवाय कुणाकडं असणार? मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती आडवी धरली, उभी धरली आणि विचारलं, "बाजी, किती सीटर हाय?"

मी म्हटलं, एकटीपुरता.

"मग फिकीर करू नका. असा मजबूत करतो की कंपनीवाल्यानं बघावं."

मजबूत त्यांनी केलाच. दोन दिवसांनी हातात दिला तेव्हा फोम असा घट्ट की ठोसा मारला तर हात दुखावा. खांद्यावर पंख होते, गळ्याला कड होती, आतून माझा बरगडीचा पट्टा अस्तरासारखा शिवलेला. पण कडेनं पांढरी पायपिंग होती, पाठीच्या पट्ट्याला मोटरसायकलच्या सीटला असते तशी धरायची मूठ होती, कारण त्यांच्या हाताला सवय आहे, आणि रंग मरून होता. मरून मी सुचवला नव्हता.

घरी आले तर दारात चपला.

बैठकीत कडूबाई, त्यांच्या जाऊबाई आणि मुंजाजीमामा. टेबलावर सफरचंदं, ग्लुकोजची बिस्किटं, एक अंगाऱ्याची पुडी. कडूबाईंनी उठून माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, वजन पाहून डोळे मिटले आणि मला पलंगावर बसवलं.

"वैनी, आता काहीच करायचं न्हाई. पाणीसुदिक हातात घ्यायचं न्हाई. आमी हावोत."

मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी म्हटलं, अहो, मी बेसबॉलची पंच आहे, बॉल छातीला लागू नये म्हणून पट्टा घेतला. मुंजाजीमामांनी मान हलवली आणि सुगतरावांना खांद्यावर हात ठेवून बाहेर नेलं. खिडकीतून मला ऐकू आलं, "बरं केलं तिला सांगितलं न्हाई ते. पेशंटला खरं सांगू न्हाई."

तिथून पुढं जे झालं ते कुणाच्याच हातात राहिलं नाही. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जायचं राहून गेलं तर त्याचा ठपका पुढच्या पिढीपर्यंत जातो, म्हणून लोक निकालाची वाट पाहत बसत नाहीत, आधी भेटून घेतात. गल्लीच्या ग्रुपवर हात जोडलेले पडायला लागले. विहारातल्या बायका आल्या, रेल्वे क्वार्टरमधल्या आल्या, ज्यांच्याशी पाण्याच्या नळावरून बोलणं बंद होतं त्याही आल्या आणि शहाळं ठेवून गेल्या. प्रत्येकीच्या ओळखीत कुणाला तरी काळजाचं असंच झालेलं होतं. अगदी असंच, धडधाकट बाई, चुलीपुढं उभी होती. मी जितकं नाही म्हणत होते तितका त्यांचा विश्वास वाढत होता, कारण ती पण नाहीच म्हणत होती शेवटपर्यंत.

सासूबाईंना मी म्हटलं, माय, तुम्ही तरी सांगा. त्यांचं नाव सुलाबाई, पण आम्ही घरातले आणि सगळी गल्ली त्यांना मायच म्हणते. त्या सफरचंद चिरत होत्या.

"सांगते की. पर सांगितल्यावर हे परत न्यायचं का त्यांनी? जरा दमानं सांगू."

सुगतराव मुळात कमी बोलणारे. दिवसभर सांत्वनं झेलून झेलून त्यांचा चेहरा खरोखरच सुतकी झाला होता. चहा देताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "धम्मशीला, तुला खरंच काही होत नाही ना? म्हणजे, असलं तर सांग." मला हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. इतक्या वर्षांत हे मला माझ्याबद्दल काहीतरी विचारत होते, आणि उत्तर ऐकायला थांबले होते.

पण खरा दणका पुढं होता. बातमी तात्यारावांपर्यंत गेली. त्यांचा फोन आला. आवाज इतका मऊ की मी ओळखलाच नाही. बाई, आधी तब्येत, मग खेळ, म्हणाले. मी चिडून खुलासा केला तर म्हणाले, असंल, पण रविवारी मैदानात काही झालं तर संघटनेचं नाव येतं, तेव्हा सरकारी दवाखान्याचं फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, नाही तर प्लेटमागं मी उभा राहतो. मोठ्या माणसानं हात जोडून दार लावून घ्यावं, तसं.

दवाखान्यातल्या बाबूनं विचारलं, फिट कशासाठी? नोकरीला रुजू व्हायला वेगळं, ड्रायव्हिंगला वेगळं, यात्रेला वेगळं. मी म्हटलं, बेसबॉलच्या प्लेटमागं उभं राहायला. तो म्हणाला, तसा नमुना आमच्याकडं नाही. मग नोकरीचं द्या. तर नोकरीवर कुठं आहात? ड्रायव्हिंगचं? तर डोळे तपासणारे रजेवर. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, मला काहीही झालेलं नाही असं त्या स्वच्छ बोलल्या, आणि यात्रेच्या नमुन्यावर सही केली. धम्मशीला सुगत वाघमारे या थंड व उंच डोंगराळ प्रदेशात पायी प्रवास करण्यास योग्य आहेत. तात्यारावांनी ते दोनदा वाचलं. शिक्का गोल आहे म्हणून मान्य केलं.

राहिला प्रोटेक्टर. शिवून तर झाला, पण चेंडू अडवतो की नाही हे सामन्यात कळून उपयोग नव्हता. शनिवारी दुपारी, भेटायला येणारे जेवून झोपले असतील अशा हिशोबानं, मी अंगणात तो शर्टाच्या आत घालून उभी राहिले आणि सुगतरावांच्या हातात चेंडू दिला. बेसबॉलचा चेंडू म्हणजे शिवण घातलेला दगड. सुगतरावांनी तो असा टाकला जसं कुणी देवळात फूल टाकतं. तो माझ्या पायाशी येऊन थांबला. मी म्हटलं, जोरात. त्यांनी डोळे मिटून टाकला, तो ओट्यावरच्या तुळईला लागला. मी म्हटलं, अहो, मारा मला. ते कळवळून म्हणाले, "असं कसं मारता येतंय गं."

ओट्यावर बसून माय हे सगळं बघत होत्या. त्यांनी पदर खोचला.

"आण इकडं तो."

माय लहानपणापासून ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या. गोफणीनं त्यांनी पाखरं उठवली आणि डुकरं पळवली आहेत, आणि एकदा, असं सांगतात, एका वाळू चोरणाऱ्याची टोपीही उडवली. गुडघे गेले तरी खांदा अजून त्या दिवसांतच आहे. पहिला चेंडू आला तो मला दिसला नाही, ऐकू आला. धप्प. मी तशीच उभी. काही दुखलं नाही.

"लागलं का?"

"नाही, माय."

"मग नीट उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. "लय दिसानं हात मोकळा व्हायलाय."

दुसरा. तिसरा. मी मागं भिंतीला टेकले होते, माय अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून दात नसलेल्या तोंडानं हसत धडाधड मारत होत्या, सुगतराव चेंडू आणून देत होते. आणि त्याच वेळी फाटक उघडलं. माझा भाऊ जीवन बोरीहून आला होता, हातात शहाळ्यांचा घड, मागं भावजय, आणि त्यांना घर दाखवायला आलेल्या कडूबाई.

आता हे त्यांच्या डोळ्यांनी बघा. आदल्या दिवशी कळलं की बहिणीच्या काळजाचं काही खरं नाही. हातातली कामं टाकून निघाले. आणि बघतात तर सासू त्याच काळजावर नेम धरून दगडं हाणायलीय आणि नवरा पुरवायलाय.

शहाळी खाली पडली. जीवन पळत येऊन माझ्यापुढं हात पसरून उभा राहिला.

"माय, काय करायल्यात तुमी? मारून टाकायलात का अक्काला?"

माय चेंडू हातात तोलत म्हणाल्या, "बाजूला सरक. तिला चिलखत हाय, तुला न्हाई."

कडूबाई मट्‌कन खाली बसल्या. बराच वेळ कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. शेवटी मी शर्टाची वरची बटणं सोडून तो मरून प्रोटेक्टर सगळ्यांना दाखवला. जीवननं त्यावर बोट वाजवून पाहिलं, शर्टावरूनच मागची मूठ ओढून पाहिली, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते, "अक्का, ही तर गाडीची सीट हाय." मला काही झालेलं नाही हे त्याला पटलं. पण आता मी अशी का वागतेय, ही नवी काळजी लागली, आणि सामन्याला आपण सगळ्यांनी जाऊन बसायचं, जवळ माणसं असलेली बरी, असा ठराव माझ्या अंगणात माझ्याशिवाय मंजूर झाला.

रविवारी तात्यारावांनी मला खांद्यापासून पाहिलं. शर्ट ताठ बसला होता. मी वाकून दाखवलं, कवच गळ्याला लागलं नाही. त्यांनी स्वतःचा तो झगा उचलून पुन्हा पिशवीत भरला, आणि बेसवर चालत गेले. तात्याराव बेसवर.

प्लेटमागं मी काय पाहिलं ते कसं सांगू? जाळीतून सगळं मैदान एका रेषेत येतं. चेंडू निघतो, येतो, आणि जोवर मी तोंड उघडत नाही तोवर तो काहीच नसतो. मी "बॉल" म्हटलं की तो बॉल. मी "स्ट्राइक" म्हटलं की स्ट्राइक. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सवयीनं मी थांबले, कुणीतरी 'पण' म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. पुढचा चेंडू आला.

कडेला माझी माणसं सतरंजी टाकून बसली होती. माय मधोमध. जीवन आणि भावजय बोरीसाठी ओरडत होते, कडूबाई पूर्ण्यासाठी, आणि सुगतराव, मला वाटतं, माझ्यासाठी गप्प होते.

शेवटच्या डावात पूर्णा एका धावेनं पुढं. बोरीची शेवटची मुलगी बॅटवर, दोन स्ट्राइक झालेले. पुढचा चेंडू तिनं मारला, म्हणजे तिच्या बॅटची कड लागली, आणि मला एवढंच दिसलं की पांढरं काहीतरी मोठं होत आलं.

धप्प.

मी बसले. दुखलं नव्हतं, पण श्वास कुठंतरी राहून गेला होता. पंचानं पहिलं काम निर्णयाचं करायचं, म्हणून बसल्या जागी दोन्ही हात वर करून मी "फाउल" म्हटलं. म्हणजे हा चेंडू धरायचा नाही, पुढचा टाका. ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तोवर कडूबाईंनी "काळीज" एवढाच शब्द अशा आवाजात म्हटला होता की स्टेशनात उभ्या गाडीतली माणसं खिडकीत आली. सगळी सतरंजी मैदानात घुसली. कडूबाई पुढं, मागं जीवन शहाळं घेऊन, मुंजाजीमामा छत्री घेऊन, आणि सुगतराव अनवाणी, हातात यात्रेचं सर्टिफिकेट फडकवत.

झेलणाऱ्या मुलीनं मागं वळून शर्टावरूनच माझ्या पाठीची मूठ धरली आणि स्टँडवरची गाडी काढावी तसं मला उभं केलं. देव रज्जाकभाईंच्या सवयी तशाच ठेवो.

मी मास्क काढला आणि हात वर केला. "टाइम. सगळे मैदानाबाहेर."

कडूबाईंनी उलट माझा हात धरला.

"वैनी, पण तुमचं..."

"कडूबाई, बाहेर."

हे मी म्हटलं यावर कडूबाईंचा विश्वास बसेना, माझाही बसत नव्हता. सगळ्यांत आधी सुगतराव वळले. सर्टिफिकेट खिशात ठेवलं, चुन्याच्या रेषेपलीकडं जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारलं, "इथं चालेल का?"

"अजून मागं."

ते अजून मागं गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. मुंजाजीमामा थेट बाउंड्रीवर. सतरंजीवर माय मात्र होत्या तिथंच दिसल्या. फक्त मधल्या वेळात कुठंतरी जाऊन येऊन पुन्हा बसल्यासारख्या पदर सारखा करत होत्या.

नवा चेंडू घेतला. फेकणारीनं फेकला. गुडघ्याच्या उंचीवर, प्लेटच्या अगदी बाहेरच्या काठावरून गेला. मारणाऱ्या मुलीनं बॅट हलवली नाही. ती मान वळवून माझ्याकडं पाहायला लागली. बोरीच्या शाळेचा तोच निळा स्कर्ट मीही घातलेला आहे. झेलणारीही पाहत होती, सासरची. एका रेषेवरून गेलेला चेंडू होता, आणि मी तो पाहिला होता, दुसऱ्या कुणीही नाही.

"स्ट्राइक थ्री."

पूर्णा नाचायला लागलं. आणि त्या गोंधळातून माझ्या भावाचा आवाज आला, ज्यानं पाच मिनिटांपूर्वी माझ्यासाठी शहाळं आणलं होतं. "अक्का, बॉल होता तो. माहेरासोबत असं कोणी करतंय का?"

"जीवन, अजून एक शब्द बोललास तर मैदानाबाहेर."

तो आधीच मैदानाबाहेर होता. तरी आणखी दोन पावलं मागं गेला.

मग मी दोन्ही संघांना बोलावलं आणि घरातून आणवलेली माझ्या आजारपणाची सगळी बिस्किटं, सफरचंदं, शहाळी त्यांच्यापुढं ठेवली. मुलींनी हारजीत विसरून ती फस्त केली. कडूबाईंनी प्रत्येकीला वाढलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तरी एकदा नांदेडला दाखवून घ्या.

तात्याराव चेंडू मोजत होते. पुन्हा मोजले.

"बाई, एक बॉल कमी हाय. तुमाला लागला ना, तोच. तुमच्या पायाशीच पडला होता. कोणी घेतला पाहिलं का?"

मायकडं माझी नजर गेली. त्या आभाळाकडं बघत होत्या, ढगांत पाऊस शोधल्यासारख्या. कमरेशी, पदराच्या ओच्यात, काहीतरी वाटोळं होतं. त्यांचा उजवा हात त्यावर होता, सवयीनं धरतात तसा, बोटं शिवणीवरून फिरत होती.

"नाही," मी म्हटलं.

"असं कसं? तुमी तर तिथंच..."

"तात्याराव, निर्णय झाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मायकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि पिशवीची चेन लावून टाकली.

घरी जाताना माय माझ्या मागून चालत होत्या. रेल्वेचं फाटक ओलांडल्यावर म्हणाल्या, "शिले, डाव्या खांद्याला ढिला हाय तुझा तो. सांजच्याला अंगणात उभी ऱ्हा, बगू."